धुराड्याच्या साक्षीने सत्कार

समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनी, माता-माउल्या, आणि पुढची खुर्ची मिळावी म्हणून लवकर येऊन बसलेली मान्यवर मंडळी, या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आमच्या गावातला पांढरा रंग संपला आहे. शिल्लक नाही. ज्यांना पांढरं काही बघण्याची इच्छा असेल त्यांनी बाजारच्या दिवशी मिरजगावला जावं, तिथं बघून घ्यावं, आणि विकत आणलंच तर येताना झाकून आणावं.

ही घोषणा मी मारुतीच्या पारावरून, माझ्याच माईकवर, दिवसाढवळ्या केली होती. लोक हसले. मीही हसलो, कारण समोर माणसं हसताना दिसली की मला आवरत नाही. पण घोषणेत खोटं काही नव्हतं. धोतरं, बनियन, टोप्या, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया, चुन्यानं रंगवलेली शाळा, सगळ्यांवर एकच करडी कळा आली होती. सर्वांत वाईट हाल माझ्या कापडाचे. माझा धंदा मंडपाचा आणि स्पीकरचा. पूर्वी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात कापड जाताना त्यावर फार तर हळदीचे आणि रश्श्याचे डाग असायचे, आणि ते डाग मला आवडायचे, कार्य झाल्यासारखं वाटायचं. आता मंडप उभा केला की दुपारपर्यंत त्यावर काळे कण. झटकायला जावं तर पुसटून रेघ उठते. एका वरमाईनं मला विचारलं होतं की हे कापड दहाव्याला वापरता का. दहाव्यालाही मी इतकं मळकं कापड लावत नाही, असं मी बाणेदारपणे सांगितलं आणि घरी येऊन गुपचूप धुवायला टाकलं.

हे सगळं येत होतं पश्चिमेच्या माळावरून. त्या माळावर पूर्वी मेंढरांशिवाय कुणी जात नसे. मग एके वर्षी तिथं पत्र्याची शेड उभी राहिली आणि शेडच्या डोक्यावर उंच धुराडं. काम चालू असताना गावात बातमी अशी पसरली होती की दवाखान्याचं काहीतरी येतंय. गाव खूश. बाळंतपणाला नगरला पळायला नको, सर्पदंशाला कर्जतला पळायला नको. दवाखाना काही आला नाही. दवाखान्यांचा कचरा आला. रक्तानं भिजलेला कापूस, वापरलेल्या सुया, सलाईनच्या नळ्या, प्लास्टर, कापून काढलेलं काय काय, सगळं पिवळ्या पिशव्यांत बांधून टेम्पोनं यायचं आणि भट्टीत जळायचं.

आता जाळायलाच पाहिजे, हे आम्हालाही कळतं. सुया काय शाळेच्या अंगणात टाकायच्या? पण जाळायची एक रीत असते. भट्टी नीट तापली पाहिजे, निघालेला धूर पुन्हा दुसऱ्या भट्टीत जाळला पाहिजे, मग तो पाण्यानं धुतला पाहिजे, तेव्हा कुठं तो वर सोडायचा. आमच्या माळावर तेल वाचवायचा हव्यास होता. अर्धवट तापलेल्या भट्टीत प्लास्टिकच्या नळ्या पडल्या की जो धूर निघतो तो डोळ्यांना काळा दिसतो, नाकाला जळक्या चपलेसारखा येतो, आणि त्यात जे दिसत नाही, वासही येत नाही, तेच छातीला जास्त वाईट असतं. हे मला नगरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. मी त्यांच्याकडं स्वतःसाठी गेलो नव्हतो. वहिनींना घेऊन गेलो होतो.

आमच्या वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. आई गेली तेव्हा मी लहान होतो, त्यामुळं मला वाढवलं त्यांनीच. भाऊ आता नाही. वहिनी वस्तीवर राहतात, गावाबाहेर. गावातून हायवेकडं निघालं की आधी लागतं त्या भट्टीचं फाटक आणि थोडं पुढं वहिनींचं घर. म्हणजे वारा पश्चिमेचा असला की धूर गावावर, आणि वारा फिरला की वहिनींवर. वाऱ्यानं कुणाला उपाशी ठेवलं नाही.

वहिनींचं बोलणं म्हणजे आमच्या घरातलं वैभव. मी माईकवर बोलायला लागलो तो त्यांचं ऐकून. पण भट्टी सुरू झाल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला तो उन्हाळ्यातही गेला नाही. मग हंडा उचलला की दम. मग नुसतं अंगणातून घरात आल्या तरी दम. वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घ्यायच्या, आणि तेवढ्या वेळात आम्ही अंदाज बांधायचो की पुढची शिवी कुणाला आहे. कधी बिडी ओढली नाही, चूलसुद्धा जाऊन गॅस येऊन जमाना झाला. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. दुसरं औषध नाही.

पुतण्या चाकणला कंपनीत आहे. त्यानं ठरवून टाकलं की मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की आईला कायमचं घेऊन जायचं. त्याचं चुकत नव्हतं. पण चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, अंगण नाही, शेळी नाही, हाक मारायला माणूस नाही, अशा जागी वहिनी किती दिवस काढतील याचा हिशेब त्यानं केला नव्हता. वहिनींनी मात्र केला होता. त्या मला म्हणाल्या, "भावजी, घर माझं हाय. धुराडं त्यांचं हाय. मंग उठायचं कुनी?"

मी आपला पाण्याचा तांब्या पुढं केला.

तक्रारी आम्ही केल्या नव्हत्या असं नाही. प्रदूषणाच्या कचेरीतून साहेब येऊनही गेले होते, एकदा नव्हे. पण साहेब येणार हे भट्टीवाल्यांना आमच्या आधी कळायचं. साहेबांची पांढरी गाडी हायवेवरून वळायच्या आत धुराडं असं स्वच्छ व्हायचं की जणू रात्री कुणी घासून ठेवलंय. साहेब फाटकाशी उभे राहून मान वर करायचे. वर निळं आकाश, एखादी घार. मग ते आमच्याकडं बघायचे, आणि त्या बघण्यात स्पष्ट लिहिलेलं असायचं की या गावाला दुसरा उद्योग नाही. गाडी परत फाटकासमोरून हायवेकडं गेली की राखणदार आत हाक द्यायचा, आणि आमचा चहा उकळेपर्यंत धूर सुरू. हे इतकं ठरलेलं होतं की आमच्या बायका साहेब आले की घाईनं वाळवण घालायच्या. तेवढाच स्वच्छ वेळ.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा साहेब येणार असल्याचं ग्रामपंचायतीला कळलं. हे साहेब नवीन होते, पण नवीन साहेबालाही आकाश तेच दिसणार. मी वहिनींकडं जाऊन तसं म्हणालो. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पुतण्यानं आणलेली नवी बॅग कोपऱ्यात होती आणि त्यांनी तिच्यात भुईमुगाच्या शेंगा भरून ठेवल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुमच्या तोंडापायी कैक लग्नांचे मुहूर्त टळले." इथं श्वास घेतला. मी मान खाली घातली, कारण ते खरं आहे. "नवरदेव घामानं भिजतो, पोरगी मागं रडून रडून सुकून जाती, आन् तुमचं आपलं यानंतर, यानंतर." पुन्हा श्वास. "लग्न थोपवता, तर एक साहेब थोपवता येत न्हाई?"

मी वस्तीवरून गावात आलो तो जवळजवळ नाचत.

आमच्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं सत्कार हा प्रकार हवेसारखा आहे. बदली होऊन आलेला तलाठी, बदली होऊन गेलेला तलाठी, पोलिसात भरती झालेली मुलगी, कुस्ती मारलेला पैलवान, कुस्ती हरलेला पण चांगली हरलेला पैलवान, सगळ्यांना शाल, श्रीफळ, फेटा. लग्नातसुद्धा मंगलाष्टकांच्या आधी आलेल्या पुढाऱ्यांचे सत्कार होतात आणि भटजी घड्याळाकडं बघत बसतात. शाल पुढं केल्यावर नको म्हणून निघून जाणारा माणूस या जिल्ह्यात अजून जन्मलेला नाही. सरकारी माणूस तर नाहीच. साहेबांना पकडून ठेवायला घेराव, मोर्चा, रस्ता रोको यांतलं काही लागणार नव्हतं. त्यासाठी पोलीस आले असते. नारळाला पोलीस येत नाहीत.

सरपंचबाई हुशार. त्यांना मी पुरतं सांगायच्या आतच समजलं. त्यांनी एक भर घातली ती माझ्या डोक्यात आली नव्हती. म्हणाल्या, सत्काराला भट्टीच्या मॅनेजरलाही बोलवा. मॅनेजर मूळचे बाहेरचे, अत्तर लावणारे, शाळेला बाकं देऊन त्या बाकांवर कंपनीचं नाव मुलांच्या नावापेक्षा मोठं लिहून घेणारे. सत्काराचं आमंत्रण मिळताच त्यांनी मला फोन करून विचारलं की भाषण करायचं आहे का. मी म्हणालो, आपल्या भाषणाशिवाय कार्यक्रमच नाही. हे मी मनापासून म्हणालो होतो, पण मनापासून काय, हे ते मला विचारत नव्हते.

तो दिवस उजाडला. साहेब आले, भट्टी बघितली, मान वर केली, निळं आकाश, घार. मॅनेजर त्यांच्या बाजूला हसत उभे. फाटकाच्या आत पिवळ्या पिशव्यांचे दोन टेम्पो उन्हात तापत होते आणि त्यांच्यावर माशांचं राज्य होतं, पण झाकलेल्या टेम्पोत काय आहे ते धुराड्यातून निघाल्याशिवाय धूर म्हणता येत नाही. साहेब गाडीकडं वळले. सरपंचबाई आडव्या आल्या, डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट. साहेब, दोन मिनिटं. गावाची रीत आहे.

दोन मिनिटं! माझा मंडप देवळासमोर कालपासून उभा होता. मुद्दाम नवीन पांढरं कापड आणलं होतं, एकदाही न वापरलेलं, आणि टेबलावर पांढरीशुभ्र चादर. स्टेज असं घातलं होतं की पाहुण्यांची पाठ धुराड्याकडं आणि गावाचं तोंड धुराड्याकडं. एक कर्णा देवळावर, एक लिंबावर, एक पाण्याच्या टाकीवर. मी माईक हातात घेतला, फुंकर मारली, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की इतकं सुख मला कुठल्याच लग्नात झालेलं नाही.

दीपप्रज्वलन केलं. वाऱ्यानं दिवा विझला. पुन्हा केलं. पुन्हा विझला, तेव्हा मी ज्योत आणि संघर्ष या विषयावर थोडं बोललो. शाळेच्या मुलींचं स्वागतगीत झालं, त्यात मध्ये एक कडवं विसरलं म्हणून पहिल्यापासून झालं. प्रास्ताविक झालं. मग पाहुण्यांचा परिचय. मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं, त्यामुळं परिचय लांबला. मग सत्कार सुरू झाले. साहेबांचा सोसायटीतर्फे, दूध डेअरीतर्फे, तरुण मंडळातर्फे, दुसऱ्या तरुण मंडळातर्फे, कारण पहिल्याशी त्यांचं पटत नाही. साहेबांच्या खांद्यावर शालींची चळत झाली आणि ऊन चढत होतं. त्यांनी घड्याळ बघितलं की मी यानंतर म्हणायचो.

याच सुमारास वहिनी मंडपाच्या कडेला दिसल्या. एवढ्या लांब चालत आल्या होत्या, म्हणजे किती ठिकाणी थांबत आल्या असतील. खांबाला धरून उभ्या होत्या. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या बघत होत्या साहेबांच्या गाडीकडं, आणि गाडीत बसून जांभया देणाऱ्या ड्रायव्हरकडं. थोड्या वेळानं त्या स्टेजच्या पायरीशी आल्या आणि साहेबांना हात जोडून म्हणाल्या की ड्रायव्हर उपाशी आहे, त्याला वस्तीवर नेऊन दोन घास घालते, लगेच आणून सोडते. साहेब स्वतः बाहेरचं खात नव्हते, पण चार शाली पांघरलेला माणूस नाही कसा म्हणेल. त्यांनी मान हलवली. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, गाडी निघाली, आणि मी पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं.

आई शपथ, मला तेव्हा काही कळलं नाही. मी फक्त वेळ काढत होतो. साहेब संध्याकाळपर्यंत बसले तर टेम्पोतला माल सडेल आणि भट्टीवाल्यांचा धीर सुटेल, एवढाच माझा डाव. पण वहिनींचं घर भट्टीच्या पुढं आहे. म्हणजे गाडी फाटकासमोरून हायवेच्या दिशेनं गेली. पांढरी सरकारी गाडी, काचा वर, धूळ उडवत. राखणदारानं तेच केलं जे तो नेहमी करायचा.

नंतर मी वहिनींना विचारलं की तुम्ही हे ठरवून केलं का. त्या म्हणाल्या, ड्रायव्हरला भूक लागली होती. पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, पिठलं त्याला फार आवडलं. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत नाही.

आता पुढचं सांगण्याआधी शेवट सांगून टाकतो. उलटं आहे, पण शेवटचं वाक्य माझं नाही, आणि ते जिथं पडलं त्याच्या पुढं बोलण्यात अर्थ नाही. साहेब त्याच पावली, फेट्यासकट, भट्टीवर गेले आणि या वेळी त्यांना मान वर करावी लागली नाही. त्यांनी राखेचे, हवेचे नमुने घेतले, भट्टी किती तापलीय ते काट्यावर बघितलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती बंद ठेवायचा आदेश निघाला. गावानं फटाके वाजवले. मी नको म्हणत होतो, धुराचाच विषय होता. कचरा हल्ली दुसरीकडं कुठंतरी जातो म्हणे. तिथंही कुणाची तरी वहिनी असेल, हे मनात आलं की माझं हसू जरा अडतं. म्हणून आम्ही दुसरं एक ठरवलंय. भट्टी पुन्हा सुरू होणार, नवी यंत्रं बसवतायत, होऊ द्या. पण फाटक उघडं पाहिजे. गावातल्या कुणालाही कधीही आत जाऊन काटा बघता आला पाहिजे. नाही म्हणाले तर आमच्याकडं शाली भरपूर आहेत.

वहिनींची छाती पूर्वीसारखी होणार नाही. गेलं ते गेलं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण पुतण्या न्यायला आला तेव्हा त्यांनी ती बॅग शेंगांसकट त्याच्या हातात दिली, वर कांद्याची गोणी गाडीत टाकायला लावली आणि नातवंडांना सुट्टीत इकडं पाठव म्हणून सांगितलं. त्या वस्तीवरच आहेत. अंगणात बसतात, थांबून थांबून बोलतात, आणि शिवी अजूनही नेमकी देतात.

तर मंडपात काय झालं. मॅनेजरांचा सत्कार झाला आणि ते सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. माईक मी स्वतः त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, गावाचं प्रेम बघून मन भरून आलं. आमचा प्रकल्प म्हणजे निसर्गाचा मित्र. पर्यावरण हा आमचा श्वास. असं बरंच. आणि त्यांच्या पाठीमागं, निळ्या आकाशात, धुराड्याच्या तोंडातून एक काळा लोट बाहेर आला. सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम टाकलं असणार, असा लोट मीही कधी बघितला नव्हता. जाड, दमदार, पश्चिमेच्या वाऱ्यावर थेट आमच्याकडं.

गाव बघत होतं. सगळ्यांची मान हळूहळू वर गेली, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. मॅनेजरांना वाटलं भाषण रंगलं. त्यांनी आवाज चढवला. मग जळक्या चपलेचा वास आला. मग टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर एक काळा कण येऊन बसला. साहेबांनी तो बोटानं टिपायला बघितला, तर रेघ उठली. दुसरा त्यांच्या शालीवर. तिसरा त्यांच्या चहात. साहेब रेघेकडं बघत राहिले आणि मग, अगदी सावकाश, फेटा सांभाळत मागं वळले.

त्यांच्यामागून मॅनेजर वळले. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. एका हातात माईक, दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला, आणि माझे तिन्ही कर्णे चालू आहेत हे विसरून, देवळावरून, लिंबावरून, टाकीवरून, सगळ्या वस्त्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अरे भट्टी बंद कर, नुसती गाडी गेलीय, साहेब अजून इथं माझ्या शेजारी बसलेत!"